जेवणाच्या सुट्टीतलं वाचन

औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो कागद तुम्ही न वाचता फेकून देता, तो मी वाचते. छापायच्या आधी. अकरा वर्षं हेच काम करतेय. त्यामुळे माझ्यासमोर कुणी खोकं फोडून तो कागद चुरगळला की माझं डोकं फिरतं, मग तो सख्खा भाऊ का असेना.

आमच्या छापखान्यात दुसरं काहीच छापत नाहीत. खाली यंत्रं, त्यांच्या शेजारी दुमडणी विभाग आणि वर एका लांबट खोलीत वाचनाचं टेबल. टेबलाला दोन खुर्च्या, समोरासमोर. औषध कंपनी मंजूर केलेला मजकूर पाठवते, त्याला आम्ही ‘मूळ’ म्हणतो. एकाने मूळ हातात धरून मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम, शून्यं, कंस, सगळं उच्चारून. दुसऱ्याने छापलेल्या नमुन्यावर ओळीखाली पट्टी धरून ऐकत जायचं. ऐकलेलं आणि दिसलेलं यात फरक पडला की लाल पेन्सिलीने खूण. शेवटी दोघांची सही.

मोठ्याने वाचायचे ते मास्तर. ते कुठल्याच शाळेत मास्तर नव्हते, पण आवाज असा की ‘जुलाब, उलट्या, अंगावर पुरळ’ हेसुद्धा ऐकत राहावंसं वाटे. मालकीणबाईंच्या वडिलांच्या काळापासून ते त्या खुर्चीत होते. मला त्यांनीच तयार केलं. मी त्यांना वडिलांच्या जागी मानत होते. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे बोलणार आहे ते कुठून येतंय ते कळेल.

सही झाली की काम संपायला हवं. माझं संपत नसे. जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले की मी मूळ आणि नमुना शेजारी शेजारी ठेवून एकटीच पुन्हा सगळं वाचत बसे. त्या खुणा हिरव्या पेन्सिलीने करायचे, आमच्या लाल खुणांत मिसळू नयेत म्हणून. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. भीती सांगायची. कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईने माझ्या नजरेतून सुटलेल्या एका शून्यामुळे दहापट औषध घेतलंय आणि ती जमिनीवर पडलीय, असं मला दिसायचं. अगदी तिच्या चपलांसकट. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, घशात कोरडा बोळा. सुट्टीच्या दिवशी मी छापखान्याच्या पहारेकऱ्याला फोन करून टेबलावरचा कागद वाचून दाखवायला लावलाय. खाली मला ‘काळजीवाहू सरकार’ म्हणत. मीही हसत असे. हसण्यावारी नेलं की लोक जास्त विचारत नाहीत.

सात वर्षं दुखणं अंगावर काढलं. मग एके दिवशी बसमध्ये श्वासच घेता येईना. लोकांनी उतरवून बाकावर बसवलं आणि तिथून मी डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर तरुण होता आणि घड्याळाकडे बघत होता. त्याने लिहून दिलेलं नाव मी लगेच ओळखलं.

“ही तर उदासीची गोळी आहे,” मी म्हटलं. “मी उदास नाही. मी घाबरलेली आहे.”

“याच गोळ्या त्यावरही चालतात. दोन-चार आठवडे धीर धरा. सुरुवातीला त्रास वाढल्यासारखा वाटेल.”

“माहितीय. तो कागद मीच वाचलाय.”

त्याला वाटलं मी टोमणा मारतेय. मारतच होते.

त्या कागदावर ‘सर्वसामान्य’ या मथळ्याखाली जे काही होतं ते सगळं माझ्याकडे मुक्कामाला आलं. मळमळ. घाम. एकामागून एक जांभया, त्याही झोप येत नसताना. जबडा इतका आवळला जायचा की सकाळी दाढा दुखत. आणि भीती दुप्पट. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. बिघाड सापडल्याशिवाय तो पान्हा खाली ठेवत नाही आणि माझ्यातही तो बिघाडच शोधत होता.

“पण भीती कशाची वाटते ते तरी सांग.”

“कशाची नाही.”

“कशाची नाही तर गोळी कशाला?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी हातातलं भांडं आपटलं. त्याला वाटलं, हाही गोळीचाच परिणाम.

छापखान्यात मी फक्त मास्तरांना सांगितलं. पट्टी धरलेला माझा हात थरथरत होता, त्यांना ते समोर दिसत होतं. लपवणार कसं? त्यांनी मूळ खाली ठेवलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, “मुली, हे माझ्या पोटातच राहील.”

पाचव्या आठवड्यात एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मी खाली सगळ्यांबरोबर बसून जेवतेय. कुणी आणलं नव्हतं. सही झाली, भूक लागली, डबा उचलला, आले. वर नमुना टेबलावर होता आणि तो तसाच राहिला तरी माझ्या छातीत काही होत नव्हतं. मी तीन पोळ्या खाल्ल्या.

मी काही गोळीची वकील नाही. वजन वाढलं. रडू येईना, मावशी गेली तेव्हा मी कोरड्या डोळ्यांनी इतरांना पाणी देत हिंडले आणि बहिणींनी मला दगड ठरवलं. बिछान्यात नवऱ्याने हात लावला तर तो मला नाही, मी घातलेल्या कोटाला लावल्यासारखं वाटे. हे त्यालाही कळत होतं आणि त्याचं तोंड दिवसेंदिवस वाकडं होत होतं. पण मला झोप लागत होती. श्वास पूर्ण आत जात होता. सात वर्षांनी. त्यासाठी मी आणखी चार कोट घातले असते.

सहा महिने असे गेले आणि मग ती चूक झाली.

एका जुन्याच औषधाचा कागद नव्याने छापायचा होता. कंपनीने मजकुरात एकच ओळ वाढवली होती. मूत्रपिंडाचा आजार असेल तर निम्मीच मात्रा घ्यावी, अशी. अक्षरजुळणीवाल्याने जुनी फाइल उघडली आणि ती ओळ घालायची विसरला. विसरतो माणूस. त्यासाठीच तर वाचन असतं. मास्तरांनी मूळ वाचलं, मी नमुन्यावर पट्टी फिरवली, शब्दाला शब्द जुळला, आम्ही सही केली आणि मी जेवायला गेले.

कंपनीच्या माणसाने ती चूक खोकी भरताना पकडली. एकही कागद बाहेर गेला नाही, पण सगळा ढीग फाडावा लागला आणि मालकीणबाईंना तिथे जाऊन बोलणी खावी लागली. परत आल्या त्या तोंड पाडूनच. आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“सही दोघांची आहे,” त्या म्हणाल्या. “ओळ मुळात आहे, नमुन्यात नाही. कोण झोपलं होतं?”

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी ती ओळ वाचली असती तर माझ्या पट्टीखाली ती नाही हे मला तिथल्या तिथे कळलं असतं. हे त्यांना माहीत होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी घसा साफ केला. तोच गोड आवाज.

“हिची चूक नाही हो. ती गोळ्या घेते. डोक्याच्या. सहा महिने झाले. पूर्वीसारखं लक्ष नाही राहत बिचारीचं.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ‘बिचारी’सुद्धा वर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तरी मी गप्प राहिले, कारण क्षणभर मलाही ते खरं वाटलं. सगळ्यात जास्त चीड मला त्या क्षणाची आहे.

मालकीणबाईंनी दोन वाक्यांत निकाल दिला. गोळ्या बंद झाल्याची डॉक्टरची चिठ्ठी आणा आणि टेबलावर बसा, नाहीतर दुमडणीत जा.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग सोड ना. मी पहिल्यापासून सांगतोय. भित्री होतीस तेव्हा निदान तू होतीस.”

“तेव्हा मी बसमध्ये गुदमरत होते.”

“एकदाच ना?”

त्याच्याशी मी तीन दिवस बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत मी जेवायला गेले नाही. कपाटातून मागच्या पाच वर्षांचे नमुने काढले. आमच्याकडे प्रत्येक नमुना जपून ठेवतात. एकेक उघडून लाल खुणा आणि हिरव्या खुणा मोजत गेले. पहिली तीन वर्षं हिरव्या क्वचित. दहा कागदांत एखादी, तीही बारीकसारीक. गेल्या दोन वर्षांत मात्र, मी सुट्टीत बसायचं सोडेपर्यंत, हिरव्यांचा सडा पडला होता. मात्रा, वयं, दिवसातून किती वेळा. आणि एक गोष्ट मला तेव्हाच दिसली. या सगळ्या हिरव्या खुणा फक्त जुन्या औषधांच्या नव्या कागदांवर होत्या. अगदी नवं औषध असेल तर लाल खुणांनीच सगळं पकडलेलं. हे असं का, ते मला कळेना, पण जोडीच्या वाचनात काय निसटत होतं ते स्वच्छ दिसत होतं.

गठ्ठा उचलून मी केबिनमध्ये नेला आणि टेबलावर टाकला.

“हे बघा. लाल आमच्या दोघांचं. हिरवं माझं एकटीचं, जेवणाच्या सुट्टीतलं. दोन वर्षं चुका होतायत. गोळी सहा महिन्यांपूर्वीची आहे. त्याआधी दीड वर्ष मी उपाशी बसून त्या झाकत होते, एवढंच.”

मालकीणबाईंनी चष्मा लावला. पंधरा-वीस कागद नीट बघितले. त्या हुशार आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांना सगळं समजलं. मला वाटलं, आता मास्तरांना हाक मारतील.

“हे तुम्ही रोज करायचात?”

“रोज.”

“आपणहून?”

“भीतीने.”

त्यांनी चष्मा काढला. चेहरा उजळला होता. “मग प्रश्नच मिटला. गोळी बंद केली की हे परत सुरू होईल ना?”

मी पुरावा म्हणून आणलेला गठ्ठा त्यांनी माझ्यावरच उलटवला होता, तोही प्रेमाने. मास्तर वयस्कर आहेत, चुकायचेच, म्हणून तर दोन माणसं बसवतो, असं त्या बराच वेळ समजावत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमची ती काळजी म्हणजे आपल्या छापखान्याचं भाग्य होतं.” तेव्हा त्यांच्या टेबलावरचा पेनांचा डबा उचलून खिडकीबाहेर फेकावा असं मला वाटलं. फेकला नाही. पगार हवा होता आणि ती खुर्चीही हवी होती. मला दुसरं कुठलंच काम येत नाही आणि हे काम माझ्याइतकं चांगलं कुणाला येत नाही.

म्हणून मी गोळी सोडली. एकदम. ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय अचानक बंद करू नये’ ही ओळ मी किती कागदांवर पट्टी धरून तपासली असेल! पण डॉक्टरला आधी विचारलं तर तो नको म्हणणार; बंद करून मगच चिठ्ठी मागायची असं ठरवलं, आणि तोवर मालकीणबाईंनी मला टेबलावर बसू दिलं. माझ्यासारख्या बाईने असं करावं याला दुसरा शब्द नाही, मूर्खपणाच.

तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात बारीक झटका बसू लागला, विजेच्या उघड्या बटणाला बोट लागल्यासारखा. जिना उतरताना पायऱ्या सरकत. उगाच रडू यायचं, सहा महिन्यांचं साठलेलं. सहाव्या दिवशी ती म्हातारी चपलांसकट परत आली. त्या दिवशी सुट्टीत सगळे खाली गेले आणि मी मूळ आणि नमुना शेजारी शेजारी ठेवून बसले. हिरव्या पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं.

आणि सापडलं. मुळात ‘दिवसातून दोनदा’, नमुन्यात ‘तीनदा’. जुनं औषध, नवा कागद. सकाळी मास्तरांनी माझ्यासमोर, खड्या आवाजात, ‘तीनदा’ वाचलं होतं. मी ते माझ्या कानांनी ऐकलं होतं.

कागद मी मालकीणबाईंना दिला. त्या उभ्या राहिल्या. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. “बघा! आलात की परत!” खालून दोघं-तिघं वर आले. कुणीतरी म्हणालं, सरकार पुन्हा सत्तेवर. सगळे हसले. मीही हसले आणि मग हात धुवायच्या खोलीत जाऊन कडी लावून बेसिनला धरून उभी राहिले. सगळे खूश होते. अकरा वर्षांत माझं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं.

कडी काढली तर बाहेर मास्तर उभे.

“मुली, बरं केलंस,” ते म्हणाले.

“मुळात ‘दोनदा’ लिहिलंय. तुम्ही ‘तीनदा’ वाचलंत. समोर कागद असताना.”

ते भिंतीला टेकले. आवाज खाली गेला. “मला मधलं दिसत नाही गं. कडेचं दिसतं. जिथे बघतो तिथेच धुरकट डाग. दोन वर्षं झाली.”

“मग वाचता कसं?”

“जुनी औषधं पाठ आहेत मला. नवी आली की घरी नेतो, सून वाचून दाखवते, पाठ करून येतो. पण जुन्यात काय बदललंय ते कसं कळणार?” मग ते थोडे हसले. “तू सुट्टीत बसतेस हे माहीत होतं. म्हटलं, तू आहेस.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी उपाशीपोटी, घामेजलेल्या हातांनी वर एकटी बसलेली असायचे, ते खाली पोटभर जेवत असायचे, आणि त्यांना माहीत होतं.

“साठ पूर्ण व्हायला चौदा महिने राहिलेत,” ते म्हणाले. “तेवढं सांभाळून घे. मग घे हवी तर गोळी. वडिलांसारखा आहे ना मी तुला?”

“चौदा महिने मी आजारी राहू? तुमच्यासाठी?”

“आजारी कुठे? तू आधी होतीस तशीच राहा. इतकी वर्षं राहिलीसच ना.”

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांना दिसत नव्हते, हे आता माहीत झालं होतं. “आज संध्याकाळपर्यंत मालकीणबाईंना सांगा,” मी म्हटलं. “नाही सांगितलंत तर मी सांगेन.”

“माझी अब्रू जाईल.”

“माझी तुम्ही केबिनमध्ये घालवलीत. ‘बिचारी’ म्हणून.”

त्यांनी सांगितलं नाही. पाच वाजता मी सांगितलं, त्यांच्यासमोर. त्यांनी नाही म्हणून बघितलं, तेव्हा मालकीणबाईंनी एक अगदी नवं मूळ त्यांच्या हातात दिलं आणि वाचा म्हणाल्या. तो आवाज पहिल्यांदाच अडखळताना ऐकला. पहिलं वाक्यही पुरं झालं नाही. त्यांनी कागद डोळ्यांपासून दूर धरला, जवळ धरला, तिरपा केला, आणि मग रडायला लागले. मी पाण्याचा पेला पुढे केला नाही. मालकीणबाईंनी केला, आणि वरून माझ्याकडे असं बघितलं जणू मास्तरांचे डोळे मीच काढून घेतले.

मग मालकीणबाईंना मी माझं सांगितलं. उद्या डॉक्टरकडे जातेय आणि गोळी पुन्हा सुरू करतेय. चिठ्ठी मिळणार नाही. दुसरं वाचन हवं असेल तर त्यासाठी माणूस ठेवा, त्याला कामाचा वेळ द्या आणि जेवायला सोडा. ते जमत नसेल तर मी खाली दुमडणीत जाते.  मी पर्स उचलली आणि निघाले. जिना अजून सरकत होता, म्हणून कठडा धरून उतरले.

डॉक्टर आधी भरपूर ओरडला आणि मग पुन्हा कमी मात्रेपासून सुरुवात करून दिली. निघताना मी त्याला विचारलं, “एका म्हाताऱ्या माणसाची नोकरी माझ्यामुळे गेली. त्याने मला शिकवलं होतं. तो माझ्यासमोर रडला आणि मला जराही दया आली नाही. हे गोळीमुळे असतं का?”

“होऊ शकतं,” तो म्हणाला. “काहींच्या भावना बोथट होतात.” मग त्याने पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. “पण तेव्हा तुम्ही गोळी घेत होतात का?”

“नाही. सहा दिवस घेतली नव्हती.”

 मी औषधाची चिठ्ठी घेतली आणि खालच्या दुकानातून गोळ्या आणल्या.